झडपेचं दार

सुलक्षणा ओव्हाळला दिवसाउजेडी कुणाच्या घरी नेणं म्हणजे जोखीम होती. भर दुपारी खोलीत दिवा जळताना दिसला की हिचा हात गेलाच बटणाकडे. घर दुसऱ्याचं, वीज दुसऱ्याची, बिलही दुसराच भरणार. पण दिवा घालवणार ही. मावशीच्या लग्नात भर उन्हात मांडवातल्या दिव्यांच्या माळा चमकत होत्या. परकर-पोलक्यातल्या सुलक्षणानं सरळ जाऊन बटण खाली पाडलं. लाउडस्पीकरही त्याच बटणावर होता. लग्नाच्या ऐन विधीत सगळं एकदम मुकं झालं आणि मानखुर्दच्या त्या वस्तीत तिचं नाव 'बटणवाली' पडलं ते पडलंच.

यात कंजुषी नव्हती. तिचा बाप कुंडलिक खाडीकाठच्या एका वीजघरात कोळशाच्या यार्डात कामाला होता. रेल्वेनं कोळशाच्या वाघिणी आल्या की त्या रिकाम्या करायच्या आणि फावड्यानं कोळसा सरकत्या पट्ट्यावर ढकलायचा. घरी परतायचा तेव्हा कानाच्या पाळ्यांपासून नखांपर्यंत काळा. अंगावरचा कोळसा मोरीत धुऊन निघायचा, छातीतला मात्र निघत नसे. दिवा लागला, पंखा फिरला की लोकांना वाटतं बटण दाबलं म्हणून झालं. सुलक्षणाला मात्र लहानपणापासून वाटत आलं होतं, की कुणीतरी कुठंतरी बटण दाबतं आणि अण्णा खोकतात.

स्कॉलरशिपवर ती आर्किटेक्चरच्या कॉलेजात पोचली. तिथं बरोबरीची मुलं काचेच्या उंच इमारती काढायची. एकदा एका मुलाचा नकाशा भिंतीवर लावला होता आणि सर त्याचं कौतुक करत होते. सुलक्षणानं विचारलं, "ही खिडकी उघडते का?" उघडत नाही म्हणाले. "मग हवा?" एसी. "आणि एसीला?" वीज. "आणि विजेला?" सर म्हणाले, पुढचा प्रश्न. ही म्हणाली, "पुढचा प्रश्न हाच आहे, सर." त्या विषयात तिला कसेबसे पास होण्यापुरते मार्क मिळाले, आणि त्याचं तिला कधी वाईट वाटलं नाही.

कॉलेजच्या लायब्ररीत कुठल्याशा परदेशी मासिकात तिनं वाचलं होतं, की धुराड्यांतून निघणारा कार्बन हवेत साठत चाललाय आणि त्यानं सगळी पृथ्वीच हळूहळू तापतेय. ते वाचून ती हादरली नाही, उलट तिला बरं वाटलं. घरातल्या घरात जे तिला वाटत होतं ते जगातल्या मोठ्या माणसांनाही वाटू लागलं होतं, एवढाच तिनं त्याचा अर्थ घेतला. इमारत बांधणारा माणूस नुसत्या भिंती काढत नाही. ती इमारत जन्मभर किती कोळसा खाणार हेही तोच कागदावर ठरवून टाकतो, आणि मग नामानिराळा राहतो. आपण नामानिराळं राहायचं नाही, असं तिनं मनाशी पक्कं केलं.

घाटकोपरला एका पिठाच्या गिरणीच्या वर तिनं खोली घेतली आणि ड्रॉइंग बोर्ड मांडला. खालून पीठ उडायचं, केसांवर बसायचं. बाप काळा होऊन घरी येतो आणि लेक पांढरी होऊन, असं तिची आई म्हणायची. कामं आली ती कुणाच्या शेडची, कुणाच्या पोटमाळ्याची. पुरती इमारत काही मिळेना.

ती मिळाली दत्तारामकाकांमुळं. दत्ताराम मूळचे मालवणकडचे, कुर्ल्याच्या कापडगिरणीत साच्यांवर, म्हणजे मागांवर, काम केलेले. ब्याऐंशीच्या संपानंतर गिरणी काही धड सुरू झाली नाही आणि ते कुंडलिकच्याच वीजघरात फिटरच्या हाताखाली लागले. कुर्ल्याच्या चाळीतल्या गाववाल्यांनी मिळून मुलुंड पूर्वेला, मिठागरांच्या अलीकडे, एक प्लॉट घेतला होता. सोसायटीचे चेअरमन दत्ताराम. एक दिवस डबा खाताना कुंडलिक म्हणाला, "माझी पोरगी नकाशे काढते." दत्ताराम म्हणाले, "मग आमचो काढूक सांग."

सुलक्षणानं त्या कामात जीव ओतला. मुलुंडला दुपारी पश्चिमेकडून वारा सुटतो आणि मिठागरांवरून खाडीकडं निघून जातो. तो वाऱ्याचा रस्ता तिनं अडवला नाही. इमारत लांबट आणि निरुंद, प्रत्येक घर या बाजूपासून त्या बाजूपर्यंत आरपार. पश्चिमेला लांबच लांब खोल गॅलरी, म्हणजे ऊन भिंतीला शिवणार नाही. त्या गॅलरीतूनच एकापुढं एक सगळ्यांची दारं. दिवसा दिवा नको, मे महिन्यातले चार दिवस सोडले तर पंखाही नको. नकाशा पुरा झाला तेव्हा तिनं तो अण्णांना दाखवला. कुंडलिकला नकाशातलं काही कळत नव्हतं, पण त्यानं आधी हात धुतले आणि मगच कागदाला बोट लावलं.

सोसायटीची सभा मुलुंडच्या एका शाळेच्या वर्गात भरली. मोठमोठी माणसं पोरांच्या बाकांवर गुडघे मुडपून बसली होती. सुलक्षणानं फळ्यावर नकाशा लावला आणि समजावून सांगितला. माना हलल्या. आपण जिंकलो असं तिला वाटत होतं, तेवढ्यात मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "बाई, ही तर चाळ झाली."

बस. तो एक शब्द वर्गात पडला आणि सगळं चित्र पालटलं. लांब गॅलरी, ओळीनं दारं. खरंच की, चाळच. जन्म चाळीत काढून, पै-पै जोडून मुलुंडला यायचं ते काय पुन्हा चाळीत राहायला? या माणसांना 'ब्लॉक' हवा होता. ब्लॉक म्हणजे नुसतं घर नव्हे. ब्लॉक म्हणजे पोरीचं लग्न जुळवताना सांगायची गोष्ट, गावी गणपतीला गेल्यावर सहज बोलता बोलता टाकायचा शब्द.

बांधकामाचा कॉन्ट्रॅक्टर चंद्रप्रकाश या क्षणाचीच वाट बघत होता. त्यानं पिशवीतून स्वतःचा नकाशा काढला. "बघा काका, मधून पॅसेज, दोन्ही बाजूला ब्लॉक. दार लावलं की दुनिया बंद. पुढं पूर्ण काच. लोक बोलतील, मुलुंडमध्ये हॉटेल बनलं काय. एकदम झकास."

"मधल्या पॅसेजात दिवस काय आणि रात्र काय," सुलक्षणा म्हणाली, "दिवा लावल्याशिवाय पाऊल टाकता येणार नाही. घराला खिडकी एकाच बाजूला. वाऱ्याला बाहेर पडायला वाट नसली तर तो आत येतच नाही."

"मॅडम, मग पंखा कशाला असतो?"

बाकांवर हशा पिकला. सुलक्षणाचं डोकं फिरलं आणि ती लायब्ररीतली भाषा बोलून बसली. "आज पंखा, उद्या खिडकीत मशीन. ही इमारत पन्नास वर्षं उभी राहणार आणि पन्नास वर्षं वीज खाणार. किती कार्बन होईल याचा विचार केलाय कुणी?"

सोसायटीचा सेक्रेटरी जयवंत एका ऑफिसात टायपिस्ट होता. सभेचा वृत्तांत लिहिता लिहिता त्यानं मान वर केली. "कार्बनची काळजी नको, मॅडम. ऑफिसातून पाहिजे तेवढा आणतो. किती कॉप्या काढायच्यात?"

त्याच्या जगात कार्बन म्हणजे दोन कागदांच्या मधे घालायचा निळा कागद. तो बिचारा मनापासून मदत करत होता. पण वर्गात असा काही हशा उसळला, की सुलक्षणाचं पुढचं बोलणं कुणी ऐकलंच नाही. त्या दिवसापासून तिनं कार्बन हा शब्द सोडला तो सोडलाच. पुढं ती नेहमी धूर म्हणायची.

सभा संपल्यावर दत्ताराम तिला बाजूला घेऊन गेले. "पोरी, पॅसेजवाला नकाशा तूच नीट काढ आणि सही कर. आर्किटेक्टच्या सहीशिवाय म्युनिसिपालटी वीट लावू देत नाय. तुझी पहिलीच बिल्डिंग. नाव होईल तुझं."

"त्या नकाशावर मी सही करणार नाही, काका."

"मग?"

"मग दुसरं कुणी बघा."

"हट्ट करतेस."

"करतेय."

जिना उतरताना वरून कुणाचा तरी आवाज कानावर आला, "मी आधीच बोललेलो, काम देताना आडनाव बघा म्हणून." सुलक्षणा थांबली. दुसरं कुणी असतं तर ऐकलं न ऐकलं केलं असतं. ती चार पायऱ्या वर चढली, वर्गाच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "आडनाव ओव्हाळ. गाव श्रीगोंदा तालुक्यात. बाप कोळसा टाकतो. आणखी काही बघायचं राहिलंय?" कुणी वर बघितलं नाही. जयवंत उगाच कागद सारखे करत राहिला. ती तशीच निघून गेली.

घरी आली तर तिथं वेगळीच गंमत. सगळं ऐकून कुंडलिक शांतपणे म्हणाला, "कर की सही. लोकांना पॅसेज पाहिजे तर पॅसेज दे. मी काय, दोन वाघिणी आणखी टाकीन."

"आणि खोकणार कोण?"

"मीच खोकणार. दुसऱ्या कुणाला थोडंच जमतं?" असं म्हणून तो हसला आणि हसता हसता खोकत राहिला. आईनं पाण्याचा तांब्या पुढं केला.

सुलक्षणाला रडू फुटायचंच बाकी होतं. चंद्रप्रकाशचा राग समजण्यासारखा होता, तो त्याचा धंदा होता. पण ज्याच्यासाठी ही सगळी भांडणं, तोच माणूस असा हात झटकून मोकळा होतो याचा तिला भयंकर संताप आला. "मला त्या लोकांचा राग नाही, तुमचा येतो, अण्णा," ती म्हणाली. कुंडलिकनं तांब्या खाली ठेवला.

सही नाकारली म्हणून हे प्रकरण संपणार नव्हतं, हे तिला कळत होतं. चंद्रप्रकाश दुसरा सहीवाला गाठेल, पॅसेज होईल, इमारत उभी राहील आणि धूर ओकत राहील. सही न करून हात तेवढे स्वच्छ राहतील, दुसरं काही होणार नाही. तिला ते नको होतं. तिला ती इमारत हवी होती, आणि धुराशिवाय हवी होती.

मग तिच्या लक्षात आलं, की सभेत सगळे पुरुष होते. दुपारी दोन वाजता यातला एक तरी घरात असतो का? घरात शेकत बसणार त्यांच्या बायका. त्या आपल्या बाजूनं उभ्या राहतील अशी तिची खात्री होती. दुसऱ्या दिवशी ती नकाशाची गुंडाळी घेऊन कुर्ल्याच्या चाळीत दत्तारामांच्या खोलीवर गेली.

दत्तारामांची बायको रुक्मिणी तांदूळ निवडत बसली होती. दार सताड उघडं. गॅलरीतून जाणारा-येणारा प्रत्येक जण आत डोकावत होता. कुणी सोलं मागायला आली, कुणी नुसतीच पाहुणी कोण आलीय ते बघून गेली. सुलक्षणानं नकाशा पसरला, वारा कसा येतो, कसा जातो ते बोटानं दाखवलं. रुक्मिणीनं सगळं ऐकून घेतलं.

"बाये, तुझो वारो बरो," ती म्हणाली, "पण माका दार व्हया."

"दार आहे की, काकी. हे बघा."

"ह्या दार? ह्या उघड्या ठेवचा लागात. गॅलरीत्सून जातलो तो आत बघतलो. लग्न होऊन ह्या खोलयेत इलंय तेव्हापासून दार बंद म्हणून मी बघूक नाय. काय शिजता ता मजल्याक ठावक. घोवाशी भांडान झाला, ता मजल्याक ठावक. माझो झील, पोटचो पोरगो, गेलो तेव्हा माका एकटीक बसान रडाचा होता. तेव्हासुद्दा दारात पंधरा जणी." तिनं सूप खाली ठेवलं. "माका एकदा दार लावन गप बसाचा आसा."

गॅलरीत तेवढ्यात आणखी एक बाई येऊन उभी राहिली होती आणि ऐकत होती. सुलक्षणानं नकाशा गुंडाळला. घाटकोपरला परतेपर्यंत तिला एकच गोष्ट टोचत होती: तिनं वाऱ्याला वाट दिली, उन्हाला अडवलं, धुराचा हिशेब केला आणि या बाईच्या दाराचा विचारच केला नाही. चाळ हा शब्द ऐकून ती इतकी चिडली होती, की त्या शब्दात काय आहे ते तिनं कुणाला विचारलंच नव्हतं. तरीसुद्धा पॅसेज तिला मान्य नव्हता. दार लावायचं असेल तर घराचा डबा झालाच पाहिजे असं कुणी सांगितलं?

डबा म्हटल्यावर तिला रेल्वेचा डबा आठवला, आणि डब्याच्या खिडकीची लाकडी झडप. तिरप्या पट्ट्यांची. झडप खाली ओढली की फलाटावरच्या माणसाला आतलं काही दिसत नाही, पण वारा येतच राहतो. अख्खी मुंबई रोज ती झडप वरखाली करते. त्या झडपेचं एक पुरतं दार केलं तर?

तिनं जुना नकाशा बाजूला सारला आणि नवा मांडला. एक लांब गॅलरी तोडून प्रत्येक घराला स्वतःची वेगळी गॅलरी दिली, शेजाऱ्याला दिसणार नाही अशी. पॅसेजच्या जागी उघडे, हवेशीर जिने. एका जिन्यावर दर मजल्याला समोरासमोर दोनच घरं, म्हणजे दारासमोरून वरात जायला नको. आणि जिन्याकडच्या दाराला झडप. दार लावा, कडी घाला, आत रडा नाहीतर हसा. वारा आपला पश्चिमेच्या गॅलरीतून येईल आणि दाराच्या पट्ट्यांतून निघून जाईल.

नुसत्या कागदावर आता तिचा विश्वास उरला नव्हता. जोगेश्वरीला जुन्या लाकडाच्या वखारी आहेत, तिथं ती दोन दिवस धुंडत फिरली. अंधेरीचा एक जुना बंगला नुकताच पाडला होता आणि त्याची सागवानी झडपांची दारं तिथं भिंतीला टेकून उभी होती. त्यातलं एक तिनं टेम्पोत घातलं आणि पुढच्या सभेला थेट शाळेत आणलं.

सभेला वर्ग भरला होता. आणि दाराबाहेर व्हरांड्यात रुक्मिणी उभी होती, सोबत चाळीतल्या सात-आठ जणी. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. दत्ताराम गोंधळले. "तू खय इलंस गो?"

"घर कोणाचा बांधतास?" रुक्मिणीनं विचारलं, आणि ती आत येऊन पहिल्या बाकावर बसली. मग बाकीच्याही बसल्या.

सुलक्षणानं नवा नकाशा समजावला, दार कुठून आणलं ते सांगितलं आणि शाळेच्या दोन शिपायांकडून ते झडपेचं दार वर्गाच्या चौकटीत उभं धरवलं. रुक्मिणी उठली. शिपायांना दार जरा सरकवायला लावून बाहेर व्हरांड्यात गेली आणि दाराआड उभी राहिली.

"मी दिसतंय?" तिनं दाराच्या आतून, म्हणजे वर्गाच्या बाहेरून, विचारलं.

दत्तारामांना सगळ्या कमिटीसमोर बायकोशी बोलायचा संकोच वाटत होता. "नाय," ते हळूच म्हणाले.

"मोठ्यान बोल."

"नाय दिसत गो."

"मगे दाराक हात लाव आणि सांग, वारो लागता?"

दत्ताराम उठले. दाराच्या पट्ट्यांपाशी त्यांनी तळहात धरला. गिरणीत साच्यावर सुताचा ताण तपासायचे तसा तो हात त्यांनी बराच वेळ तिथं ठेवला. "लागता," ते म्हणाले, आणि या वेळी त्यांना मोठ्यानं बोल म्हणून सांगावं लागलं नाही.

चंद्रप्रकाश उठून उभा राहिला. "काका, काय नाटक लावलंय? एका पॅसेजच्या जागी एवढे जिने? काच नाही, शो नाही. आणि हे भंगार! मोडलेल्या बंगल्याचं दार नव्या घराला लावणार तुम्ही?"

हा घाव बरोबर बसला. मोडक्या घराचं दार नव्या घराला लावू नये, असं मागं एक-दोघं पुटपुटले.

"बंगला मोडला, लाकूड नाही मोडलं," सुलक्षणा म्हणाली. "हे झाड एकदाच तोडलंय. त्या बंगल्याच्या विटासुद्धा मी घेणार आहे. एकदा भट्टीत भाजून निघालेली वीट चांगली असताना दुसरी भट्टी पेटवायची कशाला? त्या भट्टीचा धूरही तुमच्याच पोरांच्या नाकात जातो. आणि मी आजच सांगते, पॅसेजवर सही होणार नाही. आज नाही, उद्या नाही. या नकाशावर होईल."

आता रुक्मिणी आत आली होती. "दार जुना चलात," तिनं निकाल दिला. "उंबरठो मात्र नवो. दुसऱ्याचो उंबरठो ओलांडूक नको."

धुराच्या हिशेबात नवा उंबरठा बसत नव्हता. पण सुलक्षणानं एकदा दाराची चूक केली होती, उंबरठ्याची करणार नव्हती. "उंबरठा नवा," ती म्हणाली.

जयवंतनं हात वर करून मतं मागितली. इकडं दोन, तिकडं तीन. बाकीचे चेअरमनकडं बघत बसले आणि चेअरमन टेबलाकडं. रुक्मिणी सोसायटीची सभासद नव्हती, तिला मत नव्हतं. तिनं नवऱ्याचं मनगट धरलं आणि हात वर केला. "हो माझो," ती म्हणाली. मग बाकीच्या बायकाही आपापल्या नवऱ्यांच्या बाकांकडं वळल्या आणि वर्गात भराभर हात वर झाले. त्यातले काही आपसूक झाले होते, काही नव्हते.

"घ्या मग त्या चाळवालीकडूनच बांधून," चंद्रप्रकाश म्हणाला आणि पिशवी उचलून निघाला. हे नाव मात्र तो मागं ठेवून गेला. मुलुंडपासून अंधेरीपर्यंत बिल्डर लोकांत सुलक्षणा 'चाळवाली बाई' झाली. आधी तिला राग यायचा. मग ती स्वतःच फोनवर सांगू लागली, "हो, चाळवालीच बोलतेय. काच हवी असेल तर फोन ठेवा." बऱ्याच जणांनी ठेवला.

इमारत उभी राहायला वेळ लागला. सुलक्षणा रोज साइटवर. एकदा नव्या कॉन्ट्रॅक्टरच्या माणसानं, पावसाचं पाणी येतं म्हणून, जिन्याची उघडी बाजू काचेनं बंद केली. हिनं ती त्याच दिवशी काढायला लावली आणि निघेपर्यंत पायरीवर बसून राहिली. पुढं जिन्यात पाणी येऊ नये म्हणून छज्जा वाढवून दिला, पण काच काही लावू दिली नाही.

शेवटी दाराशी संगमरवरी पाटी बसवायची वेळ आली. दत्ताराम विचारायला आले. "तुझं नाव कसं घालू? आर्किटेक्ट एस. के. ओव्हाळ?"

"नाही काका. सुलक्षणा कुंडलिक ओव्हाळ. पूर्ण. आणि आडनावाचं अक्षर बाकीच्यापेक्षा लहान नको."

त्या दिवशी 'आडनाव बघा' म्हणणारा कोण होता हे दत्तारामांना ठाऊक होतं. "लहान नाय होणार," ते म्हणाले.

त्यानंतरच्या मे महिन्यात रुक्मिणीनं कुंडलिकला आणि सुलक्षणाला जेवायला बोलावलं. तो नुकताच रिटायर झाला होता. खाली पाटीपाशी तो थांबला, स्वतःच्या नावावरून एकदा बोट फिरवलं, आणि जिना चढताना प्रत्येक वळणावर दम खात वर आला. रुक्मिणीनं त्यांना आत घेतलं आणि झडपेचं दार लावून घेतलं. दुपारचे दोन वाजले असतील. खोलीत दिवा नव्हता, पंखा बंद होता, गॅलरीतून वारा येत होता आणि पाठीमागं दाराच्या पट्ट्या बारीक वाजत होत्या.

पाहुणा आला की पंखा लावायचा, ही मुंबईची रीत. रुक्मिणीचा हात सवयीनं बटणाकडं गेला.

"राहू द्या, वहिनी," कुंडलिक म्हणाला. "मी रिटायर झालो. आता तुमच्यासाठी कोळसा कोण टाकणार?"

रुक्मिणीला हसू आलं आणि तिनं हात मागं घेतला. कुंडलिक भिंतीला टेकून बसला. लेकीकडं बघत म्हणाला, "सही कर म्हणालो होतो मी तुला."

"म्हणाला होतात."

"बरं झालं ऐकलं नाहीस."

मग त्याला खोकल्याची उबळ आली. चांगलीच लांबली. रुक्मिणी पाण्याला धावली. सुलक्षणाची नजर जन्माच्या सवयीनं बटणाकडं गेली. बटण बंदच होतं. तो खोकला आजवरच्या सगळ्या बटणांचा होता, आणि तो आता थांबणार नव्हता हे तिला माहीत होतं. पण या घरानं त्यात भर घातली नव्हती. ती उठली, बापाच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, आणि पंखा लावू का असं कुणीही विचारलं नाही.